ड्रोन आपल्या दारी

गडचिरोलीच्या जंगलावर पोलिसांचे ड्रोन घिरट्या घालतात, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. शेजारच्या नागपुरात बनलेले ‘नागास्त्र-१’ हे आत्मघाती ड्रोन २०२४ मध्ये लष्कराकडे गेले: जवानाच्या पाठीवर मावणारे, लक्ष्य न सापडल्यास पॅराशूटने परत उतरणारे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण जे बाजारात मिळते, ते शत्रूलाही मिळते. मे २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्यावर सोडलेल्या ड्रोनांत तुर्की बनावटीचे ड्रोन असल्याचे प्राथमिक तपासात आढळले. म्हणूनच ड्रोन कोणाला विकावेत, हा निव्वळ व्यापाराचा प्रश्न नाही.

या अंकात निर्यातीचे नियम, भद्रावतीच्या आयुध निर्माणीसारख्या ठिकाणांची सुरक्षा आणि जंगलातल्या गावांचे म्हणणे आम्ही एकत्र मांडले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी आपले अनुभव आणि मतभेदही जरूर कळवावेत.