वांझ म्हणण्याआधी ताट बघा

आमच्या भागात गाय माजावर आली नाही, किंवा भरवूनही पुन्हा उलटली, तर घरातला गडी तिच्या नशिबाला बोल लावत नाही. आधी वैरण बघतो. ओला चारा मिळतोय का, पेंड कमी पडली का, खनिज मिश्रण चालू आहे का, हे विचारतो, डॉक्टरला बोलावतो. त्याच घरात सुनेला दोन वर्षांत दिवस गेले नाहीत, की बघितली जाते तिची पत्रिका. तिच्या ताटात काय पडतं, हे कुणी बघत नाही. माझं भांडण या फरकाशी आहे.

पिल्लू आधी आणि आईचं अंग मागून, असा निसर्गाचा नियम नाही. फ्रान्समधल्या अ‍ॅस्प जातीच्या विषारी सापाची मादी अंगात पुरेशी चरबी साठेपर्यंत विणीला लागतच नाही. दोन-दोन, तीन-तीन वर्षं थांबते. समुद्रातली हिरवी कासवीणही साठा झाल्यावरच अंडी घालायचा किनारा गाठते, म्हणून ती दरवर्षी येत नाही. कारण साधं आहे. बलक फुकट तयार होत नाही. इस्ट्रोजेन हा हार्मोन यकृताला हुकूम सोडतो आणि यकृत आईच्याच अंगातली शिल्लक मोडून बलकाचं प्रथिन बनवतं.

आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या अंगातही हिशेब चालतोच. चरबीतून लेप्टिन नावाचा हार्मोन निघतो आणि शिलकीची बातमी मेंदूला देतो. तो सापडला १९९४ साली. जन्मतः लेप्टिन नसलेल्या उंदरांच्या माद्यांना पिल्लं होत नाहीत. बाहेरून तो टोचला, तेव्हा झाली. बाईचं खाणं तुटलं आणि कष्ट वाढले, की मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप मंदावतो. पाळी लांबते, कधी थांबतेच.

‘आमच्या आज्या दुष्काळात कण्या खाऊन आठ-आठ बाळंतपणं निभावून गेल्या,’ हे ठरलेलं उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडचं अन्न तोडलं, तेव्हा नऊ महिन्यांनी तिथले जन्म सुमारे निम्म्यावर आले. बाळंत झालेल्या आज्या आपल्याला आठवतात. ज्यांना झालं नाही, त्यांच्यावर सवत आली. त्यांची नावंही घरात उरली नाहीत.

दर वेळी कारण अन्नच असतं, असं मी म्हणत नाही. थायरॉईड असतं, नळ्या बंद असतात, आणि कितीदा तरी दोष नवऱ्याकडे असतो. त्याचीही तपासणी झालीच पाहिजे. उपवासालाही माझा विरोध नाही. पण स्वतःहून केलेलं तप वेगळं, आणि सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरेल ते खाऊन घडणारी उपासमार वेगळी. तिला पुण्याचं नाव देऊ नका.

आणि सासूबाईंनो, ‘नातू पाहिजे म्हणून तिला दूध देते’ असंही नको. गाईला पेंड घालतात ती दुधासाठी. सून गाय नव्हे. ती दिवसभर राबते, तिला भूक लागते, एवढं कारण पुरे. उद्यापासून पहिल्या पंगतीत तिचंही पान मांडा.