पदमपूरच्या भवभूतीचं फॅन फिक्शन

"मूळ कथेत असं नाहीच मुळी!" हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. टीव्हीवर पौराणिक मालिका लागली की घरातलं कुणीतरी म्हणतं, एखादं नवं नाटक आलं की वर्तमानपत्रात पत्र येतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर रोजच. म्हणणाऱ्याचा सूर असा, की कथा बदलली म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्तीच कुणी हलवली. मंडळी, मी आज याच्या उलट बाजूने बोलणार आहे. आणि साक्षीदार म्हणून आपल्याच गोंदिया जिल्ह्यातला माणूस उभा करणार आहे.

त्याआधी एक शब्द समजून घेऊ. माझी नात पुण्याला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तासन्‌तास मोबाइलवर काहीतरी लिहीत बसलेली दिसायची. विचारलं तर म्हणाली, "आजी, मी फॅन फिक्शन लिहितेय." म्हणजे काय, तर हॅरी पॉटरच्या गोष्टीत त्याचा धर्मपिता सिरियस ब्लॅक मरतो, ते हिला मान्य नाही. म्हणून हिच्या गोष्टीत तो जगतो आणि हॅरीला सांभाळतो. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं, फक्त जिथे जीव दुखावला तिथे हिने आपला हात फिरवलेला. अशी हजारो मुलं लिहितात म्हणे, पैशासाठी नाही, नावासाठीही नाही.

मला हसू आलं नाही. मला भवभूती आठवला.

आमगावजवळचं पदमपूर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आठव्या शतकाच्या सुरुवातीचा हा संस्कृत नाटककार आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत स्वतःचं गाव पद्मपूर असं सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे आपलं पदमपूर, असं मत मांडलं, आणि आमच्या भागाने ते मोठ्या आनंदाने स्वीकारलं. आमगावच्या महाविद्यालयालाही त्याचंच नाव आहे. पण नाव घेणारे पुष्कळ, वाचणारे थोडे, अशी त्याची गत. त्याने नेमकं काय केलं हे विचारलं तर "रामावर नाटक लिहिलं" एवढंच उत्तर मिळतं.

त्याने शेवट बदलला, मंडळी. रामायणाचा.

वाल्मीकींच्या उत्तरकांडात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोकापवादामुळे राम गरोदर सीतेला वनात सोडतो. पुढे लव-कुश रामासमोर रामायण गातात, सीतेला बोलावलं जातं, पुन्हा एकदा शुद्धता सिद्ध करण्याची वेळ येते, आणि ती धरणीमातेला साद घालून तिच्या पोटात जाते. भवभूतीच्या 'उत्तररामचरितात' असं होत नाही. तिथे सातव्या अंकात राम आणि सीता पुन्हा एकत्र येतात.

हे त्याने कसं केलं ते बघण्यासारखं आहे. चौथ्या अंकात लव सांगतो, की रामकथेचा एक भाग वाल्मीकींनी रचला आहे, पण अजून उजेडात आणलेला नाही. तो रंगभूमीवर करण्यासाठी भरतमुनींकडे पाठवला आहे. वाचून मी थक्क झाले होते. म्हणजे नवा शेवट लिहिणारा हा, पण तो घालतो वाल्मीकींच्याच पदरात! "मी बदललं नाही हो, मूळ लेखकाकडेच ते शिल्लक होतं." मग सातव्या अंकात गंगेच्या काठी ते नाटक होतं. नाटकातलं नाटक. प्रेक्षकांत खुद्द राम बसलेला आणि अयोध्येची प्रजाही बसलेली. त्याला समोर दिसतं, की टाकलेल्या सीतेचं पुढे काय झालं. राम मूर्च्छित पडतो. शेवटी वसिष्ठांची पत्नी अरुंधती सीतेला घेऊन येते आणि प्रजेलाच विचारते, तुमचं काय म्हणणं आहे? ज्यांच्या कुजबुजीने सीता घराबाहेर गेली, ते लोक मान खाली घालून तिला नमस्कार करतात.

विद्वान म्हणतील, संस्कृत नाटक दुःखान्त करायचं नाही असा संकेतच होता, त्यात भवभूतीचं काय विशेष? संकेत होता हे खरं. पण गोड शेवटच हवा होता तर पट्टाभिषेकावर पडदा पाडता आला असता. राम-सीतेचं दुसरं सुखाचं कथानकही निवडता आलं असतं. याने मुद्दाम तीच जखम निवडली. शिवाय तिसरा अंक बघा. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीता तिथे आहे, पण गंगेच्या वराने कुणालाही न दिसणारी. वनदेवता वासंती रामाला तोंडावर जाब विचारते, राम ढसाढसा रडतो, आणि सीता ते सगळं ऐकते. हा प्रसंग मूळ रामायणात नाही. आपल्यामागे नवरा आपल्यासाठी रडला, हे वाल्मीकींच्या सीतेला कुणी असं समोर उभं करून दाखवलं नाही. भवभूतीला ते सहन झालं नसावं. मी याला संकेत म्हणत नाही, याला माया म्हणते.

आणि हा काही एकटा नाही. तिकडे ग्रीकांकडे होमरचं महाकाव्य झालं आणि पुढच्या साऱ्यांनी त्यातूनच घास घेतले. हेलनमुळे ट्रॉयचं युद्ध झालं, तिला सगळ्यांनी नावं ठेवली. युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये नाटक केलं, त्यात खरी हेलन ट्रॉयला गेलीच नाही, ती इजिप्तमध्ये पतीची वाट पाहत होती. ट्रॉयला गेली ती तिची छाया. रोमन कवी व्हर्जिलने तर होमरच्या कथेतला दुय्यम वीर ईनियस उचलला आणि त्याला नायक करून बारा सर्गांचं महाकाव्य रचलं. मग ओव्हिड आला. व्हर्जिलचा ईनियस ज्या डायडो राणीला सोडून जातो, तिच्या हातून ओव्हिडने त्याला पत्र लिहवलं. एकाने दुसऱ्याच्या अंगणातलं रोप नेलं, तिसऱ्याने त्याचं कलम केलं. आज आपण या सगळ्यांना अभिजात म्हणतो आणि माझ्या नातीच्या लिखाणाला पोरखेळ.

आपल्या मराठीत तरी वेगळं काय आहे? मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली असं सांगतात. त्यातलं एक तर ओठ न मिटता म्हणता येईल असं. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ चं. महाभारतातला उपेक्षित कर्ण घेऊन सावंतांनी त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. गदिमांच्या गीतरामायणात १९५५-५६ साली छप्पन्न गीतं झाली, पण सीतेला भूमीत जाताना त्यांनी दाखवलं नाही. कथा लव-कुशांच्या गाण्यापाशीच थांबते. ज्याला जे सोसवलं नाही ते त्याने बदललं किंवा तिथे तो थांबला. आणि आपल्या झाडीपट्टीतली दंडार? लहानपणी मंडईच्या रात्री मी पाहिलेला रावण अस्सल झाडीबोलीत भांडायचा, आणि दर गावचा रावण वेगळं भांडायचा. कुणी म्हटलं नाही, की मूळ कथेत असं नाही. जात्यावरच्या बायांनी तर सीतेचा वनवास स्वतःच्या सासुरवासासारखा गायला. त्यांनी कुणाची परवानगी मागितली होती?

म्हणजे काहीही बदललं तरी चालेल का? नाही. माझ्या मते दोन अटी हव्यात. पहिली, मूळ कथा पुरती माहीत हवी. भवभूतीला वाल्मीकी तोंडपाठ असणार, त्याशिवाय नेमकी कुठली शीव उसवायची हे कळत नाही. दुसरी, त्या कथेवर जीव हवा. रागाने, खिजवायला, किंवा नुसती गर्दी जमवायला केलेला बदल लगेच ओळखू येतो. भांडण हवं, पण घरच्या माणसाशी असतं तसं.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढेच आहे.

त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात शंबूक येतो. शूद्र असून तप करतो म्हणून रामाने त्याला मारायचं. भवभूतीचा राम तलवार उचलण्याआधी अडखळतो. आपल्याच उजव्या हाताशी बोलतो, की गर्भिणी सीतेला टाकणाऱ्या रामाचा तू हात, तुला कसली दया? लेखकाला टोचणी लागलेली दिसते. पण हात शेवटी चालतोच. शंबूक मरतो, दिव्य पुरुष होऊन उभा राहतो, आणि वर रामाचे आभार मानतो.

सीतेसाठी ज्याने अख्ख्या उत्तरकांडाचा शेवट फिरवला, त्याला शंबूकासाठी एक अंक फिरवता आला नाही. मी अनेक वर्षं खेड्यातल्या शाळांत शिकवलं. समोर बसलेल्या मुलांत ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पाटी-पुस्तक आलं अशी मुलं कितीतरी असायची. त्यांच्यापुढे भवभूतीचं कौतुक करताना हा दुसरा अंक मला गिळता येत नसे, आजही येत नाही. चाहत्याची माया त्याच्या स्वतःच्या अंगणापर्यंतच पोचते, हे यातून दिसतं. कुंपणापलीकडचं दुःख त्याला दिसतं, टोचतं, पण तो तिथवर जात नाही.

मग ते कुणी करायचं? पुढच्याने. कन्नड कवी कुवेंपु हे शेतकरी कुटुंबात जन्मलेले, रामावर नितांत प्रेम करणारे. 'श्रीरामायण दर्शनम्' हे त्यांचं महाकाव्य. त्याला १९६७ चा ज्ञानपीठ मिळाला. त्यांनी १९४४ मध्ये 'शूद्र तपस्वी' हे नाटक लिहिलं. त्यात रामाचं अस्त्र शंबूकाला मारत नाही. ते तक्रार घेऊन आलेल्या ब्राह्मणाच्याच मागे लागतं, आणि शेवटी त्याला त्या तपस्व्यापुढे नमावं लागतं. शंबूक वाचला आणि रामही वाचला. भवभूतीचं अर्धं राहिलेलं काम बाराशे वर्षांनी दुसऱ्या रामभक्ताने पुरं केलं. तेव्हाही "मूळ कथेत असं नाही" म्हणणारे होतेच.

म्हणून मला वाटतं, कथा बदलू नका असं म्हणणं म्हणजे जी दुखणी आधीच्या लेखकाच्या हातून सुटली ती तशीच राहू द्या असं म्हणणं. भवभूतीने स्वतःच एका नाटकात म्हणून ठेवलंय, की काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, आपल्यासारखा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल. आपण ते कौतुकाने सांगतो. पण तसा कुणी आला आणि त्याने आपल्याला न आवडणाऱ्या जागी हात घातला, की पहिली आरडाओरड आपलीच.

सीतेचा शेवटही अजून मिटलेला नाही. भवभूतीची सीता परत आली, पण मला विचाराल तर वाल्मीकींच्या सीतेचं जाणं जास्त ताठ आहे. तिने निदान स्वतः ठरवलं. शंबूकाची आई, त्याची बायको यांना माझ्या वाचनात तरी कुणी बोलतं केलेलं नाही. कुणी लिहिणार असेल तर आधी 'उत्तररामचरित' नीट वाचा, आणि मग खुशाल लिहा.