आधी ओळख, मग पंप



मृगाच्या तोंडावर पावश्या ओरडू लागला की आपले आजे-पणजे म्हणत, तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे सांगतो आहे. आज बांधावर तो आवाज आला तर कोणत्या पाखराचा, हे आपल्यातले किती जण सांगतील? पाखराचे नाव विसरले तर बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते, आणि किती बिघडते ते रुपयांत मोजता येते.

माझीच गोष्ट सांगतो. एका वर्षी कपाशीवर मावा आला. त्याच पानांवर काळपट, नारंगी ठिपक्यांच्या, खरबरीत अंगाच्या लहान अळ्या फिरताना दिसल्या. मी घाबरलो. पान कागदात गुंडाळून तालुक्याच्या दुकानात नेले. दुकानदाराने पानाकडे धड पाहिलेही नाही, बाटली पुढे ठेवली. उधारीवर घेतली आणि फवारली. अळ्या मेल्या, मावाही कमी झाला. पंधरवड्यात मावा पुन्हा आला, तो पहिल्यापेक्षा जास्त. तेव्हा खुरपायला येणारी म्हातारी म्हणाली, “बाबा, त्या अळ्याच तर मावा खात होत्या. मी रोज बघत होते.”

त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा आपण ओळखतो, त्याचे पोर ओळखत नाही. बिनमजुरीचा गडी मी पैसे मोजून मारला. म्हातारीला विचारले असते तर बाटलीही वाचली असती. पण बाईमाणसाला पिकातले काय कळते, ही आपली घमेंड! खरे तर पिकाच्या सर्वांत जवळ वाकून दिवस काढते ती खुरपणारी बाईच.

असे गडी पुष्कळ आहेत. पानावर केसासारख्या दांडीच्या टोकाला पांढरे अंडे दिसले तर ते क्रायसोपाचे. त्याची अळी मावा, तुडतुडे खाते. हरभऱ्यात साळुंक्या आणि बगळे उतरले तर ते घाटेअळी वेचायला. तारेवर बसणारा दुभंग्या शेपटीचा कोतवाल उडते पतंग टिपतो. ज्याला आपण अशुभ म्हणून दगड मारतो ते घुबड रात्री उंदीर धरते.

सगळेच आपले सोयरे, असे मी म्हणत नाही. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर गोफण घेऊन बसावेच लागते. वेडा राघू मधमाश्याही खातो. मोर पेरलेले उकरून खातो. पाखरे वाचवा, असा उपदेश शहरातून येतो तेव्हा नुकसान कोण सोसणार, हे आपण विचारलेच पाहिजे. मुद्दा दयेचा नाही, हिशेबाचा आहे. जमाखर्चात जमेला कोण आणि खर्चाला कोण, हे मालकालाच माहीत नसेल तर वही दुकानदार लिहितो.

आणि हा खर्च नुसता पैशाचा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पंप पाठीवर घेणारा माणूस जीव धोक्यात घालतो. मग ती फवारणी गरजेची होती की नव्हती, एवढे तरी आधी कळायला नको का? शास्त्रज्ञही आधी मोजा असेच सांगतात. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज 8 पतंग सापडले तर फवारणीचा विचार करावा, असा त्यांचा हिशेब आहे. पण मोजायचे तर पतंग ओळखता आला पाहिजे.

फवारणी कधीच करू नका, असे माझे म्हणणे नाही. खर्च वाचला म्हणून भाव मागायचे सोडा, असेही नाही. फुकटचा खर्च टाळायचा आणि घामाचे दामही मागायचे.

काम अवघड नाही. आठवड्यातून एक सकाळ, ऊन तापायच्या आत, शिवारात फेरी मारा. घरच्या बाईला आणि पोरांना बरोबर घ्या. दहा-वीस झाडांची पाने उलटून पाहा. अनोळखी अळी दिसली तर मावा असलेल्या पानासकट काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला फडके बांधा. सकाळी मावा कमी झाला की पान कुरतडले गेले, ते पाहा. ती कोणाच्या बाजूची, ते तीच सांगेल. परसातल्या वांग्या-भेंडीपासून सुरुवात केली तरी चालेल. हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा, म्हणजे पाखरांना बसायला ताटे होतील. पोरांना वहीत नावे लिहायला लावा. आपल्या गावात जे नाव चालते तेच लिहा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक बरणी आणावी. भाषणे नेहमीचीच आहेत. त्या दिवशी आधी बरण्या पाहू.