एका जनुकाचीं अनेक नांवें

घराण्याची वंशावळ नव्यानें लिहावयास घेतली आणि पहिल्याच आठवड्यांत घोटाळा उघडकीस आला. माझ्या आजोबांची बहीण माहेरीं दुर्गा होती, सासरीं रमा झाली. जुन्या वहींत ती दोन निरनिराळ्या बायका म्हणून नोंदलेली. उलट, घरांत एकामागून एक आलेल्या दोन सुना, दोघीही लक्ष्मी; त्यांची मात्र एकच बाई करून टाकलेली! दिवाळीस विचुंब्याला आलेली माझी नात जीवशास्त्र शिकते. वही चाळून ती म्हणाली, "आजोबा, जनुकांच्या कोशांतही हेंच दुखणें आहे. तेथें नांव चुकलें तर एखाद्याच्या जिवावर बेततें." मला ही अतिशयोक्ति वाटली, परंतु तिनें उदाहरण दिलें तें आपल्याच मुंबईचें निघालें.

१९५२ सालीं मुंबईच्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनीं विलायतेंतील सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत तीन माणसांच्या विलक्षण रक्ताची हकीगत प्रसिद्ध केली. आपल्या रक्तपेशींवर 'एच' नांवाचा एक पदार्थ असतो. 'ए' आणि 'बी' हीं रक्तगटांचीं चिन्हें त्याच पायावर रचलीं जातात. 'ओ' गटाच्या माणसांत पाया तेवढा असतो, वर इमारत नसते. या तिघांत पायाच नव्हता. नेहमीच्या परीक्षेंत 'ए' व 'बी' न आढळल्यामुळें असें रक्त 'ओ' म्हणून नोंदलें जातें. परंतु अशा माणसाच्या रक्तद्रवांत 'एच'विरुद्ध द्रव्य तयारच असतें. त्याला 'ओ'चें रक्त दिलें तर तें प्राणघातक ठरूं शकतें. त्याला त्याच्याच गटाचें रक्त पाहिजे, आणि आपल्या देशांत असा मनुष्य सुमारें १०,०००मध्यें एक; युरोपांत तर दहा लाखांत एखादा.

यांतली दुसरी गोष्ट गृहस्थाश्रमी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाया नसला तरी 'ए' किंवा 'बी'चें जनुक अंगांत असूं शकतें, आणि तें मुलांत उतरून प्रकट होतें. बाप कागदोपत्रीं 'ओ', आणि मूल 'एबी'! अर्धवट ज्ञानाच्या बळावर एखाद्या निरपराध स्त्रीवर संशय घेण्यास एवढें पुरेसें आहे.

आतां नांवांकडे वळूं. या गटास 'बॉम्बे' म्हणतात. शहराचें अधिकृत नांव १९९५ सालीं मुंबई झालें तरी रक्ताचें तेंच राहिलें. त्याचें चिन्ह म्हणजे मोठ्या 'ओ'च्या पायाशीं बारीक 'एच'. घाईंत लिहिणाऱ्याच्या हातून तो बारीक 'एच' गळला कीं उरतो निव्वळ 'ओ', म्हणजे नेमका तोच प्राणघातक अर्थ. तसेंच मोठा 'एच' म्हणजे कार्य करणारें जनुक व लहान 'एच' म्हणजे निकामी झालेलें. हा भेद तोंडानें बोलतांना उरतच नाहीं. देवनागरींत तर मोठें-लहान अक्षरच नसल्यानें हीं वाक्यें लिहितांना माझीही त्रेधा उडत आहे.

म्हणून मानवी जनुकांस नांवें ठरवून देणारी एक आंतरराष्ट्रीय समिति आहे; अशा नामकरणाचे पहिले नियम १९७९ सालीं प्रसिद्ध झाले. एका जनुकास एकच चिन्ह, आणि एक चिन्ह दोघांस नाहीं. 'एच'च्या जनुकास 'एफयूटी१' हें चिन्ह मिळालें. 'एफयूटी' हीं त्यानें घडणाऱ्या विकराच्या नांवांतलीं अक्षरें. त्या विकराचें काम एक शर्करा जोडून पाया घालण्याचें. लाळेंत तोच पदार्थ उतरविणारें शेजारचें जनुक पूर्वीं 'एसई' होतें, तें 'एफयूटी२' झालें. दोन्हीं एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत. पाणिनीच्या 'टि', 'घु', 'भ' या संज्ञा मुलांना शिकवितांना तीं हसत असत. परंतु संज्ञा अशीच हवी: आंखूड, आणि दुसऱ्या कशाचा भास न करून देणारी.

हा भास कोठून उत्पन्न होईल याचा नेम नाहीं. कांहीं जनुकांचीं चिन्हें 'सेप्ट१', 'मार्च१' अशीं होतीं. संगणकाच्या तक्त्यांत तीं भरलीं कीं यंत्र त्यांस तारखा समजून १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकी! २०१६ सालीं तपासणी झाली तेव्हां, जनुकांच्या याद्या अशा तक्त्यांत जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकीं सुमारें एक पंचमांश निबंधांत असल्या चुका सांपडल्या. अखेर २०२० सालीं समितीनें 'सेप्टिन१' व 'मार्चएफ१' अशीं नवीं चिन्हें जाहीर केलीं. यंत्रानें माणसाची भाषा शिकावी, तों माणसानेंच यंत्रासाठीं नांवें बदलावीं, हें माझ्या शिक्षकी मनास रुचलें नाहीं. नात म्हणाली, "रुचो न रुचो, चुका तर थांबतील."

पण या लोकांची एक रीत मला फार आवडली. नवें चिन्ह दिलें तरी जुनें पुसून टाकीत नाहींत. प्रत्येक जनुकास न बदलणारा एक क्रमांक असतो, त्यापुढें चालू चिन्ह, आणि त्याखालीं मागचीं सारीं नांवें. जुना निबंध वाचणाऱ्यास कोणत्याही नांवानें तेंच जनुक सांपडावें. शिवाय एकच नांव दोन जनुकांस पडलें असेल तर कोणीतरी बसून मूळ निबंध वाचतो आणि कोणता उल्लेख कोणाचा हें ठरवितो. हें काम यंत्रावर सर्वस्वीं सोंपवितां येत नाहीं. अमरकोशांत पर्यायांबरोबर नानार्थांचाही वर्ग आहे, तो उगाच नव्हे.

नातीच्या सांगण्यावरून मीं वंशावळींत प्रत्येकास क्रमांक घातला. दुर्गा व रमा या दोन्ही नांवांपुढें आतां ४७ आहे. दोघी लक्ष्मींपैकीं धाकटीस ५३ दिला. थोरलीचें माहेर कोणतें हें अद्याप उलगडलेलें नाहीं, म्हणून तेवढी ओळ कोरी ठेवली आहे.