साधन मोठे की पारख?

अभियांत्रिकीकडे वळलेले आमचे माजी विद्यार्थी विचारतात, 'बांधकामाची संगणकावर परीक्षा घेण्यास महागडे ॲन्सिस घ्यावे, की विनामूल्य कॅल्क्युलिक्स?' आम्ही पडलो कलाशाखेचे. तरी एक दाखला देतो.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ 'स्लीपनर-ए' या सागरी तेल-वायुमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीतच बुडाला. गणित नामांकित नास्ट्रानवर झाले होते. परंतु आकृतीचे भाग ओबडधोबड पाडल्यामुळे भिंतीस कातरणारा ताण ४७ टक्के कमी दिसला. मागाहून केलेल्या काटेकोर गणिताने भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे दाखविले. ती ६५ मीटरवर फुटली होती.

दोष साधनाचा नव्हे, योजकाचा! म्हणून ज्याचे उत्तर कागदावर पडताळता येईल, तेच सॉफ्टवेअर आरंभी निवडावे. ते विनामूल्य असल्यास त्यात कमीपणा कसला?