साठीनंतरचं लग्न आणि फ्लॅटची कागदपत्रं

मंडळी, २०२३ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, एका वृद्धाश्रमातल्या सत्तरीच्या आजी आणि पंचाहत्तरीच्या आजोबांनी लग्न केलं. बातमी वाचून सगळ्यांना केवढं कौतुक! 'किती गोड' वगैरे. दुसऱ्याची आजी लग्न करते तेव्हा गोडच असते हो. स्वतःच्या आईने नुसता विषय काढू दे, मग बघा.

आमच्या संभाजीनगरच्या सिडकोतल्या एक काकू आहेत. वय त्रेसष्ट. काका जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात. सकाळी बागेत फिरताना बहात्तर वर्षांच्या एका निवृत्त मास्तरांशी ओळख झाली. दोघं बाकावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. मग लग्नाचं बोलणं निघालं. दोन वर्षं ज्याला रजा मिळत नव्हती तो मुलगा आठ दिवसांत हजर! पहिला प्रश्न काय, तर "आई, फ्लॅटची कागदपत्रं कुठेयत?"

'लोक काय म्हणतील' हे निव्वळ निमित्त असतं. पोटात दुखतं ते वाटणीचं. अरे, मग मृत्युपत्र करा ना! स्वतःच्या मालकीची मालमत्ता कुणाला द्यायची हे हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार ज्याचं त्याला ठरवता येतं. वकिलाकडे एक चक्कर मारली की सुटणारा प्रश्न आहे हा. त्यासाठी आईने उरलेली वीस वर्षं टीव्हीशी बोलत काढायची?

सरकारही काही कमी नाही. केंद्राच्या नियमांनुसार विधवेने पुनर्विवाह केला की कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. अपवाद फक्त अपत्य नसलेल्या विधवेचा, तोही उत्पन्नाच्या अटीवर. म्हणजे एकटेपणाला पगार आणि सोबतीला दंड!

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढलं, ते उगाच नाही. पण नुसतं सोबत राहायचं तर मृत्युपत्राशिवाय बाई त्या माणसाची वारस ठरत नाही. तो गेला की पुन्हा रस्त्यावर येण्याची भीती तिलाच.

आणि एक. विधुर बाप लग्न करतो तेव्हा 'त्यांना जेवणखाण्याचं बघायला कुणीतरी हवं' असं म्हणून आपण त्याला माफ करतो. आईला मात्र 'आता तुला काय कमी आहे?' असं विचारतो. बापाला स्वयंपाकीण हवी आणि आईला काहीच नको, हे ठरवलं कुणी? बोलायला माणूस हवं असतं हो, दोघांनाही.

आमच्या धंद्यातले निम्मे लोक असेच लांब राहणारे मुलगे आहेत, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. दर रविवारी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल केल्याने आईच्या आयुष्याचे ॲडमिन राइट्स मिळत नाहीत.

काकूंनी अजून काही ठरवलेलं नाही. मुलगा परत गेलाय, कागदपत्रं घेऊन. मास्तर बहात्तरचे काही चोवीस होणार नाहीत. थांबायला वेळ फक्त मुलांकडे असतो.

पटलं तर या रविवारी आईला फोन करून तिचंच ऐका. आणि नाही पटलं तर या भांडायला!