फोन न उचलणारी नात

गेल्या दिवाळीत आमची नात भाऊबीजेला आली नाही. ती मुंबई विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक आहे, आणि विमानं काही दिवाळीची सुट्टी घेत नाहीत. तरी धाराशिवला आमच्या घरी जमलेल्या मंडळींत कुजबुज झालीच. "निदान फोन तरी उचलायचा!" एक जण म्हणाले. "बसून तर काम. विमान पायलट चालवतो ना?" दुसऱ्या म्हणाल्या. एका भाच्याने तर ती धावपट्टीजवळ उभी राहून, हातात दांडके घेऊन विमानाला खुणा करते असं ठासून सांगितलं. (ते लोक वेगळे रे बाबा!) मी तेव्हा गप्प बसले. बोलायला लागले की 'बाईंचा तास सुरू झाला' म्हणतात. म्हणून इथे लिहिते. निम्मे नातलग हा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे.

मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात, हे मलाही नातीने कागदावर काढून दाखवेपर्यंत माहीत नव्हतं. मोठी ३,४४८ मीटर, धाकटी २,८७१ मीटर. मोठीचं नाव ०९/२७. नावं होकायंत्रावरून पडतात. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेला तोंड. तीच पट्टी उलट्या टोकाने वापरली की ०९. उतरताना वारा समोरून हवा असतो, त्यामुळे वारा फिरला की टोक बदलतं आणि रांगेतली सगळी विमानं वळवून दुसऱ्या बाजूला आणावी लागतात. दिल्लीला चार पट्ट्या आहेत, त्यांत समांतर आहेत. एकीवर उतरवा, दुसरीवरून सोडा. मुंबईत ते भाग्य नाही. फुलीसारख्या पट्ट्या, म्हणून बहुतेक सगळा भार एकट्या मोठीवर, आणि ती दुरुस्तीला बंद असली की धाकटीवर.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे समजायला जड जाऊ नये. येडशीवरून जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी आठवते? रूळ एकच. समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय आपली हलायची नाही. 'क्रॉसिंग आहे' म्हणत आम्ही पोरं खाली उतरून पेरू खायचो. आकाशात मात्र क्रॉसिंगला थांबायची सोय नाही. घिरट्या घालाव्या लागतात, आणि तेवढा वेळ इंधन जळत असतं.

२०२३ पर्यंत मुंबईत गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं धरायचे. म्हणजे साधारण सव्वा मिनिटाला एक. एक उतरून पट्टी सोडतंय, एक सुटण्यासाठी तोंडाशी उभं आहे, तिसरं समोरून उतरत येतंय. त्या दोघांमधल्या फटीत सुटणारं बसवायचं. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून मागचं हलकं असेल तर फट वाढवायची. जमिनीवर विमानं फिरवणारा नियंत्रक वेगळा, धावपट्टीचा वेगळा, रडारवर लांबून रांग लावत आणणारा आणखी वेगळा. आणि कानाला हेडसेट. त्यात मावशीचा फोन कुठून घ्यायचा?

मी जन्मभर मराठी शिकवली, त्यामुळे मला यातले शब्द जास्त भिडले. शुद्धलेखन घालताना मी मुलांकडून वाक्य परत म्हणवून घ्यायचे. वैमानिकालाही मिळालेली सूचना परत म्हणावी लागते, आणि चुकली तर नियंत्रकाने तिथल्या तिथे सुधारायची. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफेला दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकाच पट्टीवर होती. एकाच्या कप्तानाने परवानगी मिळाली असं समजून वेग घेतला. 'थांबा, मी सांगतो' हे नियंत्रकाचं सांगणं दुसऱ्या विमानाच्या बोलण्यात मिसळून कर्कश आवाजात बुडालं. ५८३ माणसं गेली. त्यानंतर नियम झाला, की 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. एका शब्दाला एवढं जपणारं दुसरं खातं मी पाहिलेलं नाही.

आता माझं मत, कुणाला पटो न पटो. २०१८ मध्ये मुंबईने एका दिवसात हजाराहून जास्त विमानं हाताळली, तेव्हा सगळीकडे विक्रमाच्या बातम्या होत्या. मला तो आकडा वाचून धाकधूक वाटते. मी सत्तर सत्तर मुलांचे वर्ग घेतले आहेत. लोक कौतुक करायचे. शेवटच्या बाकावरच्याला काय कळलं, हे कुणी विचारलं नाही. पुढे ८ जून २०२४ ला मुंबईत २७ वरून एक विमान उडत असतानाच मागचं त्याच पट्टीवर उतरलं. कुणाला इजा झाली नाही. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. चौकशी जरूर व्हावी, आणि त्यात कोण चुकलं हे ठरवणारी मी कोण? पण फट जितकी अरुंद तितकं कौतुक आपणच करायचं, आणि काही झालं की बोट मात्र खुर्चीवरच्या एका माणसाकडे, हे मला पटत नाही.

नवी मुंबईचं विमानतळ झालं ना, असं कुणी म्हणेल. झालं. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुटू लागली. पट्टी ३,७०० मीटरची, आणि दुसरी समांतर व्हायची आहे. जमीन वेगळी मिळाली, पण आकाश शेजारचंच. दोन्हीकडची विमानं तिथेच सांभाळायची. म्हणजे पट्ट्या वाढतात तशी हेडसेट लावलेली माणसंही वाढायला हवीत, आणि त्यांना पोटभर झोप मिळायला हवी. विक्रमाच्या बातमीत याचा एक आकडा छापलेला मला तरी कुठे दिसला नाही.

असो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. रात्रपाळी करून झोपली होती. भाऊ ओवाळायचा राहिला म्हणून जरा हिरमुसली होती. मी विचारलं, झोप झाली का? म्हणाली, "झाली आजी, करंज्या उरल्यात का?" उरल्या नव्हत्या, मंडळींनी फस्त केल्या होत्या. नव्याने केल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवल्या. पुढच्या दिवाळीला आधीच डबा बाजूला काढणार आहे. तेव्हा मुंबईला कोण जाणार असेल त्याने आत्ताच सांगून ठेवा.